वाचकांचे प्रश्न : निर्वातात ग्राफाइट का दगा देतं?

प्रश्न : निर्वात कक्षात स्टेपर मोटरवर चालणारा छोटा गिअरबॉक्स बसवला आहे. दाब एका मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाइतका. तेलाची वाफ नको म्हणून बेअरिंग धुऊन ग्राफाइटची पूड चोळली. बाहेर छान फिरतं. निर्वातात मात्र काही तासांत करकरतं आणि काळी धूळ पडते. असं का?

उत्तर : ग्राफाइटमुळेच. हवेतली ओल धरून असतं तोवरच त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. निर्वातात ती ओल निघून गेली की घर्षण कित्येक पटींनी वाढतं. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश याच कारणाने भराभर झिजत.

तुम्हाला हवं मॉलिब्डेनम डायसल्फाइड, म्हणजे ओलीशिवायही घसरणारं कोरडं वंगण. निर्वातात त्याचा घर्षणांक (घर्षण आणि दाबणारा भार यांचं गुणोत्तर) साधारण ०.०५ किंवा त्याहूनही कमी असतो. पण त्याचीही पूड भरू नका. जास्तीची पूड गोळ्यांच्या वाटेत दाबली जाऊन तिचे खवले होतात आणि बेअरिंग अडखळतं. त्याऐवजी ४४०सी या कठीण स्टेनलेस स्टीलची, स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून थर बसवण्याच्या पद्धतीने) त्याचाच सुमारे १ मायक्रॉन थर दिलेली, शील्ड म्हणजे बाजूची झाकणं नसलेली बेअरिंग घ्या. गोळ्यांना एकमेकींपासून दूर धरणारा पिंजरा पत्र्याचा नको, मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) हवा. तो झिजता झिजता गोळ्यांना वंगण पुरवत राहतो. क्लिअरन्स, म्हणजे गोळ्या आणि रिंगांमधली मोकळी जागा, सी३ (नेहमीपेक्षा जास्त) घ्या. निर्वातात उष्णता न्यायला हवा नसते, त्यामुळे मोटरचा शाफ्ट तापतो, आतली रिंग फुगते आणि बेअरिंग आवळलं जातं.

गिअरच्या दातांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा रेझिनमध्ये बांधलेला ५ ते १० मायक्रॉनचा थर चालेल. बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मात्र तेवढा वाढवून ठेवा. थर देण्याआधी दात अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या टाकीत) ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा आणि नंतर उघड्या हाताने शिवू नका. जोडीतला एक गिअर व्हेस्पेल या पॉलिइमाइड प्लास्टिकचा करणार असाल तर त्यातला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेला एसपी-३ हा प्रकार घ्या. एसपी-२१ मध्ये ग्राफाइट असतं, म्हणजे पुन्हा तीच अडचण.

प्रश्न : बसवण्याआधी गिअरबॉक्स हवेत चालवून पाहावा का?

उत्तर : नको. दमट हवेत मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर फार लवकर झिजतो आणि झिजलेला परत भरून येत नाही. रनिंग-इन (सुरुवातीला चालवून भाग जुळवून घेणं) कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातातच, हलक्या भाराने आणि कमी वेगाने करा. वाहतुकीतले हादरेही थर घासून काढतात. १९९१ मध्ये गुरू ग्रहाकडे निघालेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना पूर्ण उघडली नाही, त्याचं सर्वांत संभाव्य कारण हेच ठरलं : ट्रकच्या प्रवासांत पिनांवरचं कोरडं वंगण निघून गेलं होतं. म्हणून गिअरबॉक्स नेताना शाफ्ट हलणार नाही असा बांधा आणि सिलिका जेल घातलेल्या बंद पिशवीत ठेवा.