ताप आला तर प्रवास पुढे ढकलता येईल ना?

साथीच्या काळातील परदेशप्रवासाविषयी या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख मास्क कोणता घ्यावा आणि सॅनिटायझर किती न्यावा, याकडे आहे. त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु प्रवाशाचे आणि त्याच्या शेजारच्या आसनावरील अनोळखी माणसाचे खरे रक्षण होते ते घर सोडण्याआधी केलेल्या व्यवस्थेने, आणि त्यातही आजारी पडल्यास प्रवास थांबवण्याची मोकळीक हाताशी ठेवल्याने, असे माझे ठाम मत आहे. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय ६६ असून मला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे. इंग्लंडमध्ये असलेल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना काही महिने तिकडे राहायचे आहे. कोविडसारखी साथ पुन्हा पसरली तर जावे की नाही, आणि गेल्यास कोणती तयारी करावी? — एक वाचक, फोंडा

उत्तर : लेकीच्या बाळंतपणाला आईवडिलांनी जाणे ही हौस नव्हे, हे मी जाणतो, त्यामुळे ‘घरीच बसा’ असा सोपा सल्ला देणार नाही. मात्र जाण्याचा निर्णय घेताना परतीचा रस्ता बंद होऊ शकतो, हे गृहीत धरावे. मार्च २०२० मध्ये बंद झालेली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात लोक परतले ते ७ मे २०२० पासून सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ मोहिमेतून किंवा मोजक्या देशांशी झालेल्या विशेष करारांखालील विमानांतून. म्हणून औषधे मुक्कामाच्या मुदतीपेक्षा किमान एक महिना अधिक पुरतील एवढी न्यावीत आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या मालकक्षात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी भरवशाचे राहत नाही. ते हातातल्या बॅगेत, थंड राहील अशा पाऊचमध्ये, पण बर्फाला थेट चिकटणार नाही अशा बेताने ठेवावे. सोबत सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि साखर उतरल्यास लागणारे ग्लुकोज असावे. घड्याळ मागे जाणार असल्याने पहिल्या दिवशीचे डोस कसे घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून वेळेनिशी लिहून घ्या. गोळ्या मूळ पाकिटांतच राहू द्या. अनेक घरांत गोळ्या काढून जुन्या डब्यांत एकत्र भरण्याची सवय असते. विमानतळावर त्याच डब्यामुळे खोळंबा होतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेले असावे, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावे तिकडच्या फार्मसीत कोणी ओळखणार नाही. वाटेत दुबईला उतरून काही दिवस नातेवाइकांकडे थांबणार असाल तर आणखी एक काळजी घ्या : कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात आणि त्यांना आगाऊ परवानगी लागते.

आता खर्चाविषयी. इंग्लंडमध्ये पाहुण्या व्हिसावर आलेल्या माणसाला आपत्कालीन विभागातील तपासणीचे पैसे पडत नाहीत आणि कोविडसारख्या ठरावीक संसर्गजन्य रोगांवरील उपचारही आकारले जात नाहीत. परंतु हृदयविकार, पडून हाड मोडणे किंवा साखर फार चढणे अशा कारणांनी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकारी दराच्या दीडपट बिल येते. त्यामुळे विमा काढताना मधुमेह आणि रक्तदाब लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेला आजार उघड झाला की दावा नाकारला जातो. पॉलिसीतील तीन गोष्टी एजंटाला सरळ विचारून लेखी घ्या : साथरोगामुळे झालेला आजार धरलेला आहे का, निघण्याआधी तपासणीत लागण आढळली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का, आणि विलगीकरणामुळे मुक्काम वाढला तर विम्याची मुदतही वाढते का.

तुमच्यापैकी एकाला तिकडे लागण झाली तर कोण कोणत्या खोलीत राहील, बाळ-बाळंतिणीला कसे दूर ठेवता येईल, स्वयंपाक कोण करील, याचे बोलणे मुलगी-जावयाशी आजच करून घ्या. असे विषय काढणे अशुभ मानण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु लहान घरात ऐन रात्री ताप भरल्यावर हा विचार सुचत नाही. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारा एक ऑक्सिमीटर न्या. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त आकडा दाखवू शकतो. म्हणून एकाच आकड्यावर न विसंबता निरोगी असतानाचा आपला नेहमीचा आकडा टिपून ठेवा आणि तो उतरू लागला, विशेषतः ९४ च्या खाली गेला, तर थांबू नका. तातडी नसलेल्या सल्ल्यासाठी तिथे १११ आणि प्राणावर बेतल्यास ९९९ हा क्रमांक आहे. त्या काळात उपलब्ध असलेली लस आणि फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा अवधी लागतो.

प्रश्न : माझा मुलगा क्रूझ बोटीवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे. चवथीला घरी आला की पुढच्या कॉन्ट्रॅक्टची वाट पाहत असतो. साथ असताना जॉइनिंगच्या दिवशीच ताप आला तर काय करावे? एजन्सीला कळवले तर नोकरी जाईल, अशी त्याला भीती वाटते. — एक आई, डिचोली

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला. गोव्यातल्या कितीतरी तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरांत ही भीती असते आणि तिच्यापोटी पॅरासिटामॉलची गोळी घेऊन थर्मल तपासणीतून निसटणारी मुले असतात. गोळीने तापाचा आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही. आणि बोट ही अशी जागा आहे की तिथे लपवलेला ताप एका माणसापुरता राहत नाही.

‘डायमंड प्रिन्सेस’चे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ही बोट जपानच्या योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवली गेली. तिच्यावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. प्रवाशांना खोल्यांत बंद केले तरी त्यांच्यासाठी जेवण शिजवणारे आणि दारापर्यंत नेऊन देणारे कर्मचारी काम करतच राहिले, आणि रात्री त्यांना खालच्या डेकवर दुसऱ्यासोबत एकाच केबिनमध्ये झोपावे लागले. कर्मचाऱ्यांमध्ये भारतीयही होते. गॅलीत काम करणाऱ्याने ताप लपवला तर पहिली झळ त्याच्या बंकवरच्या सोबत्यालाच बसते.

म्हणून ‘ताप आला तर’ हा प्रश्न एजन्सीला आजच विचारावा, आणि तोही ई-मेलने : रुजू होण्याआधी तपासणीत लागण आढळली तर पुढच्या बोटीवर संधी मिळेल का, विमानाचे तिकीट कोण बदलून देईल आणि मुंबईत थांबावे लागल्यास राहण्याचा खर्च कोणाचा. साथीच्या काळात कंपनीलाही आजारी माणूस बोटीवर नको असतो. त्यामुळे उत्तर बहुधा तुम्हाला वाटते तितके कठोर नसते, आणि ते लेखी असले की मुलाच्या मनावरचे दडपण उतरते. रुजू झाल्यानंतर आजारी पडल्यास २००६ च्या सागरी कामगार कराराचा आधार आहे. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या या करारानुसार आजारी खलाशाच्या उपचाराचा भार जहाजमालकावर असतो आणि ही जबाबदारी त्याला १६ आठवड्यांच्या आत आटोपती घेता येत नाही. बोटीवरचे स्वयंपाकी आणि वाढपीही या करारात खलाशीच धरले जातात. कॉन्ट्रॅक्टची प्रत आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीची नोंद असलेल्या अधिकृत पुस्तिकेच्या) पानांचे फोटो तुमच्याकडे घरी असू द्या. निघण्याआधीचे दहा दिवस लग्न, जत्रा, भजन अशा गर्दीपासून मुलाला दूर ठेवणे अवघड जाईल, पण ते कराच. आणि घरात दुसरे कोणी खोकत असेल तर त्याने मुलाशेजारी जेवायला बसू नये.

प्रश्न : विमानातली बंद हवा धोकादायक असते का? कोणते आसन घ्यावे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : विमान उडत असताना केबिनमधील हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलली जाते, आणि फिरून येणारी हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून येते. आपल्या एखाद्या बंद वातानुकूलित बसपेक्षा ती स्थिती पुष्कळ बरी. धोका वाढतो तो विमान जमिनीवर उभे असताना हवा खेळती नसली तर. १९७७ साली अलास्कात इंजिनाच्या बिघाडामुळे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवर खोळंबले होते, आतली वायुवीजन यंत्रणा बंद होती आणि ५४ जणांपैकी एकाला फ्लू होता. पुढच्या तीन दिवसांत त्यांतले ७२ टक्के आजारी पडले. तेव्हा विमानतळावरची बस, दारातली रांग, खोळंबलेले विमान आणि सामान घेण्याची गर्दी, या ठिकाणी मास्क एक क्षणही उतरवू नका. जेवण शेजाऱ्यासोबत न घेता तो मास्क लावून बसल्यावर घ्यावे. खिडकीजवळच्या आसनाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क कमी येतो, पण पाय आखडू नयेत म्हणून अधूनमधून घोटे फिरवा आणि उठून दोन पावले चाला.

मास्क एन-९५ असावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो चेहऱ्याला बसावा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून घ्या आणि जोराने श्वास सोडा. चष्म्यावर वाफ धरली किंवा गालाजवळून हवा निसटली तर तो मास्क नावापुरताच आहे. दाट दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे आणि हातातल्या सामानात बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी. हातमोज्यांची गरज नाही.

प्रश्न : व्यवसायानिमित्त मला नैरोबीला जावे लागते. साथीच्या काळात परत आल्यावर स्वतःकडे किती दिवस लक्ष ठेवावे? — एक वाचक, वास्को

उत्तर : साथ कोणती, यावर ते दिवस ठरतात, कोविडच्या बाबतीत १४ दिवस धरले जात होते. परंतु तुमच्या बाबतीत मला अधिक चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टींची. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरला जातो आणि पुढे तो आयुष्यभर चालतो. तो नसताना केनियाहून परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. परत आल्यावरही त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात.

कोविडच्या दिवसांत प्रत्येक ताप म्हणजे कोविडच, अशी समजूत रूढ झाली होती. आफ्रिकेतून परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, किंवा त्यानंतरही, ताप आला तर साथीच्या रोगाची चाचणी नकारात्मक आली म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्या, आणि दवाखान्यात पाय ठेवताच, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, ‘मी केनियाहून आलो आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा.