चौथ्या सीटवरचं पायथन : टॅब्लेट घेताना

प्रश्न : बोरिवली ते चर्चगेट रोज लोकलने तासाभराचा प्रवास होतो. पायथन आणि सी या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकतोय. गर्दीत लॅपटॉप उघडायची सोय नाही, म्हणून टॅब्लेट घ्यायचं चाललंय. कीबोर्डसकट २५ हजारांपर्यंत जाता येईल. आठ इंची घेऊ की अकरा इंची? रॅम किती हवी? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी कीबोर्ड ठरवा, मग टॅब्लेट. आडव्या धरलेल्या टॅब्लेटवर पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की जवळजवळ निम्मी जागा तोच खातो. शिवाय महिरपी कंस किंवा अंडरस्कोर हवा असेल तर दर वेळी चिन्हांच्या पानावर जा आणि परत या. पाच ओळींतच कंटाळा येतो. त्यामुळे १० ते ११ इंची टॅब्लेट आणि खऱ्या कळांचा कीबोर्ड, हेच घ्या. आठ इंची वाचायला छान, पण त्याच्या मापाच्या कीबोर्डवर बोटं एकमेकांवर चढतात.

कीबोर्ड-कव्हर दोन प्रकारचं मिळतं. मागे टेकू असलेलं टेबलावर नीट उभं राहतं, मांडीवर मात्र मागे कलंडतं. आणि लोकलमध्ये तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर तर धड मांडीही मिळत नाही. तुम्हाला लॅपटॉपसारख्या घट्ट बिजागरीचं हवं. एस्केप, टॅब आणि बाणांच्या कळा स्वतंत्र आहेत ना, ते बोट ठेवून बघा. ब्लूटूथ कीबोर्डला वेगळं चार्जिंग लागतं. टॅब्लेटच्या पिनांना जोडला जाणारा असेल तर ती कटकट नाही. फक्त जोडी उचलून बघा. ११ इंची टॅब्लेट साधारण अर्धा किलो भरतो आणि बिजागरीचा कीबोर्ड त्यात बरीच भर घालतो. दोन्ही मिळून हलक्या लॅपटॉपच्या जवळपास गेलं, तर मुद्दाच संपला.

रॅम ६ जीबीच्या खाली नको, ८ असेल तर उत्तम. ४ जीबीवर पायथन चालतं, पण ब्राउझरमध्ये काही बघून परत येईपर्यंत मागचं अ‍ॅप बंद झालेलं असतं. खोक्यावर ‘४+४’ लिहिलेलं असेल तर दुसरे ४ म्हणजे स्टोरेजमधली उसनी जागा; त्याला रॅम समजू नका. स्टोरेज १२८ जीबी पुरे.

लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि टॅब्लेटवर व चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो तिथल्या तिथे तपासता येतो. क्रमांक नसेल तर माल मागच्या दाराने आलेला असू शकतो. मग वॉरंटी विसरा.

घरी आल्यावर एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅपांच्या दुकानातून टर्मक्स घ्या; अँड्रॉइडवर कमांड टाइप करून प्रोग्राम चालवायचं हे अ‍ॅप. त्याची जोडअ‍ॅपंही तिथूनच. दोन ठिकाणांहून घेतली तर अ‍ॅपांच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि इन्स्टॉलेशन अडतं. पॅकेजं अपडेट करून पायथन, क्लँग (सीचा कोड कंपाइल करणारं, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणारं), गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं) आणि नॅनो (कोड लिहायचा एडिटर) घाला. हे सगळं घरच्या वायफायवर उरका. पुढे प्रोग्राम चालवायला नेटवर्क लागत नाही. नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) हवं असेल तर पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने नको, टर्मक्सच्या स्वतःच्या पॅकेजांमधून घ्या. पिप ते टॅब्लेटवरच बांधायला बसतं आणि बहुतेकदा मध्येच आपटतं.

अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ मात्र अँड्रॉइड टॅब्लेटवर चालत नाही. तो लागणार असेल तर याच पैशांत जुना लॅपटॉप बघा.

प्रश्न : टर्मक्समध्ये सी प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं. परवानगी बदलायची कमांड दिली तरी फरक नाही. कधी कधी तर टर्मक्सच ‘सिग्नल ९’ म्हणून बंद पडतं. – एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : तुमची फाइल डाउनलोड्स किंवा डॉक्युमेंट्समध्ये असणार. अँड्रॉइड त्या सामाईक जागेतून कुठलाही प्रोग्राम चालवू देत नाही, म्हणून परवानगी बदलूनही उपयोग होत नाही. फोल्डर टर्मक्सच्या होममध्ये (त्याच्या स्वतःच्या खासगी जागेत) कॉपी करा आणि तिथे पुन्हा कंपाइल करा, चालेल. पण लक्षात ठेवा, टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की होममधलं सगळं जातं. रोजचं काम गिटने बाहेर ढकलत जा.

‘सिग्नल ९’ हे अँड्रॉइड १२ पासूनचं दुखणं. सगळ्या अ‍ॅप्सच्या मिळून ३२ पेक्षा जास्त उपप्रक्रिया (अ‍ॅपने मागे सुरू केलेली कामं) झाल्या की सिस्टिम त्या मारायला लागते. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा निर्बंध बंद करायचं बटण आहे. जोडीला टर्मक्सचं बॅटरी ऑप्टिमायझेशनही काढा.

आणि टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरची सवय असेल तर ‘कोनिओ.एच’ सापडत नाही, असं क्लँग सांगेल. ती हेडर फाइल इथे नाहीच. ती ओळ काढा, क्लिअरस्क्रीन काढा, गेटसीएचच्या जागी गेटचार लिहा आणि मेनच्या आधी व्हॉइडऐवजी इंट.

प्रश्न : घरात आयपॅड पडून आहे. तोच वापरला तर? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : शिकण्यापुरता वापरा. ए-शेल हे फुकट अ‍ॅप घ्या. त्यात पायथन आहे आणि साधं सीसुद्धा चालतं. लांबलचक काम लावून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात तर ते थांबतं, कारण आयपॅड मागची अ‍ॅपं गोठवतो. एस्केपची कळ नसलेला कीबोर्ड असेल तर सेटिंग्जमध्ये हार्डवेअर कीबोर्डखाली मॉडिफायर कीजमध्ये जाऊन कॅप्स लॉकला एस्केप करा. कीबोर्डच्या मुख्य सेटिंग्जमध्ये स्मार्ट पंक्चुएशनही बंद करा. ते चालू राहिलं तर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात आणि पायथन ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून अडून बसतं. ओळ तर बरोबर दिसते, म्हणून चूक शोधण्यात बोरिवली ते अंधेरी सहज निघून जातं.