शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाचा वास आमच्या चिमणीतून येतो. जास्त सक्शनवाली घेऊ का?

नका घेऊ. मी घेतली होती, साळ्याचं ऐकून.

तुमच्यासारखंच आमचं मनीषनगरात. सगळ्या मजल्यांच्या चिमण्या एकाच डक्टमध्ये सोडलेल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि खालच्यांकडे रविवारी सावजी मटण. वास वाईट नाही हो, पण एका रविवारी नेमकी चतुर्थी. सेक्रेटरीकडे गेलो तर म्हणतो, "तुमच्याच घरचा असंन जी." चतुर्थीला, आमच्या घरी, मटण!

मग त्याला घरी बोलावलं आणि अगरबत्ती बंद चिमणीच्या जाळीखाली धरली. धूर सरळ वर. तेवढ्यात खालच्यांनी त्यांची चिमणी लावली, डक्टमध्ये घरघर झाली आणि धूर वाकून थेट त्याच्या चष्म्यावर. पंखा हवा डक्टमध्ये ढकलतो, तिथला दाब वाढतो, आणि गच्चीपर्यंत चढण्यापेक्षा तुमची बंद चिमणी जवळ पडते. एवढंच आहे.

साळा सिव्हिल इंजिनीयर. म्हणाला, "भाऊजी, तासाला 1200 घनमीटरवाली घ्या, सगळं ओढते." चालू असताना ओढते ना बाबा! बंद असताना 1200 काय अन् 700 काय. उलट आमची फोडणी चौथ्या मजल्यावर जायला लागली आणि आठ दिवसांत वरच्या काकू दारात.

एप्रिलमध्ये कूलर लावला आणि वास गायब. साळा म्हणे, "बघा, म्हटलं होतं." अरे, कूलर बाहेरची हवा घरात कोंबतो, ती चिमणीतून वर जाते, म्हणून खालचं येत नाही. जुलैत कूलर बंद झाला, मटण परत आलं.

शेवटी पाइप डक्टला जिथे मिळतो तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली. चिमणीच्या तोंडाशी कंपनीचीही असते, अर्धचंद्रासारखी दोन पानं. आमची उघडून पाहिली तर पिवळ्या चिकट तेलात उघडीच चिकटलेली. गरम पाणी, धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश. हे दर दोन-तीन महिन्यांनी करा, नाहीतर नवी झडपही तशीच अडकते.

हां, गच्चीवर डक्टला मोठा पंखा असेल आणि तो एरवी चालू राहत असेल, तर आधी तो बंद पडलाय का बघा. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडक्या लावून मोठी चिमणी चालवू नका, गिझरचा धूर घरात ओढला जातो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

साळ्याने बेसा भागातल्या त्याच्या नव्या घरात भिंतीला भोक पाडून पाइप सरळ बाहेर काढलाय. डक्टला हातही लावला नाही. मला बायकोकडून कळलं.