स्पॅनिश झाली, आता पुढची कोणती?

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

स्पॅनिशनंतर कोणती भाषा शिकू, असं विचारणारा तुझा लांबलचक मेसेज वाचला. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि प्रत्येकीपुढं फायदे-तोटे, असा तक्ताच केलास. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बसणाऱ्या पोरीला तक्त्याशिवाय दुसरं काय सुचणार म्हणा! तक्ता चांगलाय, पण एक रकाना राहिला. ती भाषा घेऊन दर आठवड्याला तू करणार काय? हा रकाना भरायला बसलीस की बाकीचे निम्मे आपोआप गळतील.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पोर्तुगीज, आणि तीही ब्राझीलची. फक्त या गळीत हंगामात सुरू करू नकोस.

ब्राझील का, हे खरं तर तूच मला समजावून सांगायला हवंस. जगात सगळ्यात जास्त साखर तिथं होते आणि तिथूनच सगळ्यात जास्त बाहेर जाते. आपला गळीत हंगाम मार्चच्या आसपास आटोपतो आणि ब्राझीलच्या मध्य-दक्षिण पट्ट्यातला एप्रिलमध्ये सुरू होतो. तिथले कारखाने बाजार बघून रस साखरेकडं वळवायचा की इथेनॉलकडं ते ठरवतात, आणि त्याचा झटका जगाच्या साखरभावाला बसतो. १९७५ साली त्यांनी उसापासून इंधनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. आपण आत्ता कुठं पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांवर आलोय, ते २०२५ मध्ये तीस टक्क्यांवर गेले. तुमच्या डिस्टिलरीत आज ज्या गोष्टींवर डोकं खाजवणं चालतं, त्यातल्या बऱ्याच तिथं कधीच्या घासूनपुसून झाल्यात.

तू म्हणशील, गाळपाचे आकडे इंग्रजीतही मिळतात. मिळतात की. पण साओ पावलो राज्यातल्या पिरासिकाबाच्या कृषी महाविद्यालयातले प्रबंध, ऊसजातींवर काम करणाऱ्या विद्यापीठांची टिपणं, कारखान्यातल्या लोकांच्या आपसातल्या चर्चा, हे बहुतेक सगळं पोर्तुगीजमध्येच असतं. उसाच्या दराचंच बघ. साओ पावलो राज्यात शेतकऱ्याच्या उसात काढता येण्याजोगी साखर किती, हे तपासून आणि साखर-इथेनॉलला बाजारात काय भाव मिळाला ते धरून दर काढायची पद्धत आहे. आपली एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या सरासरी साखर-उताऱ्यावर बेतलेली. त्यांची ती नियमावली मुळातून वाचून कुणी मराठीत सांगितली तर इथं ऐकणारे पुष्कळ निघतील. (शिरोळचा शेतकरी मात्र सगळं ऐकून घेऊन आधी विचारेल, "ते खरं, पण वजनकाटा कुणाचा?")

शिवाय स्पॅनिश वाया जात नाही. कोलंबियात काउका नदीच्या खोऱ्यात जवळपास वर्षभर ऊसतोड चालते, आणि तिथल्या ऊस संशोधन केंद्राचं साहित्य स्पॅनिशमध्ये आहे. ते तू आजही वाचू शकतेस. वाचतेस का?

आता या हंगामात का नको, ते सांगते. या दोन भाषांचं सख्खेपण हेच मोठं लफडं आहे. पोर्तुगीजचं पान समोर आलं की स्पॅनिशवाल्याला पहिल्याच दिवशी बरंचसं कळतं, आणि तिथंच तो फसतो. कान उघडले की कळतं, आपल्याला काहीच येत नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाच, स्वच्छ आणि मोकळे. पोर्तुगीजमध्ये त्याहून जास्त, वर नाकातले वेगळे. ब्राझीलच्या बऱ्याच भागात 'इ'च्या आधीच्या 'त'चा 'च' होतो, 'द'चा 'ज' होतो. पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश जितकी कळते तितकी स्पॅनिश माणसाला पोर्तुगीज कळत नाही, ते उगीच नव्हे.

व्याकरणातही अशाच जागा आहेत. 'मला कॉफी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' करून आपण पटकन शिकलो, कारण रचना आपलीच. पोर्तुगीजमध्ये ते उलटं: मी आवडून घेते, असा काहीसा थाट. 'मी पुण्याला जाईन तेव्हा' म्हणायला स्पॅनिश वर्तमानातला सबजंक्टिव्ह (अजून न घडलेल्या, मनातल्या गोष्टीचं क्रियारूप) वापरते. तोच घटवायला तुला किती दिवस लागले, आठवतंय ना? पोर्तुगीजनं या जागेसाठी भविष्यकाळाचा वेगळाच सबजंक्टिव्ह ठेवलाय, आणि तो पुस्तकात पडून नसतो, भाजीवालाही वापरतो. तुझी स्पॅनिश आज बी-वनला (युरोपीय भाषा-परीक्षांची मधली पायरी) आहे, म्हणजे अजून ओली आहे. त्यावर पोर्तुगीज ओतलीस तर दोन्ही मिळून एक खिचडी होईल, आणि ती माद्रिदमध्येही खपणार नाही आणि साओ पावलोतही नाही. आधी पुढची पायरी, बी-टू, दे. घाई न करता बोलता यायला लागलं, वाद घालता यायला लागला, की मग बघू.

फ्रेंचबद्दल मात्र तुला खरं तेच सांगते. वर्षभरात नोकरी बदलून पुण्यात जायचं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि फ्रेंच घे. शाळा, भाषांतराच्या कंपन्या, कॅनडाला जाणारी मंडळी, सगळीकडं तिला मागणी आहे. पण शिकणारेही तितकेच आहेत, आणि त्यातले कित्येक शाळेपासून फ्रेंच घेऊन आलेत. तू तिशीच्या उंबरठ्यावर त्या रांगेच्या शेवटी उभी राहणार. शिवाय लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, हा तिचा खाक्या तुझ्यासारख्या तर्कटी मुलीला पहिले सहा महिने छळेल. मला स्वतःला फ्रेंच फार आवडते, म्हणून जास्त लिहीत नाही.

इटालियनचं कारण तू 'कोल्हापुरी चप्पल' असं लिहिलंस, ते वाचून हसू आलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्या चपला चालल्या आणि इथं गदारोळ झाला, तो मीही बघितला. जीआय, म्हणजे या भागाच्या नावाचा कायदेशीर हक्क, तर २०१९ पासूनच आहे. पण त्या प्रकरणात आपल्या कारागिरांना इटालियन येणाऱ्या मुलीपेक्षा चांगला वकील जास्त कामाला आला असता. भाषा म्हणून इटालियन आपल्याला सोपी जाईल, हे खरं. एकच व्यंजन जोडून दोनदा आलं की त्यावर जोर देऊन थांबायचं असतं, आणि 'पता' आणि 'पत्ता' यातला फरक आपल्या जिभेला शिकवावा लागत नाही. हौस म्हणून कधीही शिक. रुमानियन आणि कातालान या स्पॅनिशच्या बाकीच्या बहिणींचं नाव तू काढलं नाहीस, तेव्हा मीही काढत नाही.

सुरुवात करशील तेव्हा पहिले काही आठवडे वाचन बंद. नुसतं ऐकायचं, आणि ऐकलेलं वाक्य अख्खं म्हणायचं. स्पॅनिश शब्दाला पोर्तुगीज शेपूट लावून वाक्य जुळवायचं नाही. 'ओफिसिना' म्हणजे स्पॅनिशमध्ये कचेरी, पण पोर्तुगीजमध्ये वर्कशॉप. वर्कशॉपांच्या उद्यमनगरात अख्खा जन्म गेलेल्या तुझ्या बाबांना हे सांग, खूश होतील. स्पॅनिश बोलायचे वार आणि पोर्तुगीजचे वार वेगळे ठेव.

शिकायला गोवा जवळ आहे. पणजीत पोर्तुगीजचे वर्ग चालतात, गोवा विद्यापीठात तर एम.ए.पर्यंत सोय आहे. पण तिथली घडण लिस्बनची. लिस्बनवाले स्वर गिळतात, ब्राझीलवाले मोकळे सोडतात. व्याकरण गोव्यातून घे, कान ब्राझीलवर ठेव. पिरासिकाबाकडचे लोक 'र' जीभ वळवून म्हणतात, त्याला दचकू नकोस. आणि बटाटा, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले म्हणून ती आपल्याला सोपी, असं कुणी सांगायला लागलं, तर हो म्हण आणि पुढं चल. तेवढ्या शब्दांवर एक वाक्यही उभं राहत नाही.

हंगाम संपला की बी-टूचा अर्ज भर आणि मला कळव. तोंडी परीक्षेची तयारी माझ्याकडं येऊन कर, रविवारी सकाळी, पण दहानंतर. माझ्याकडं पोर्तुगीज क्रियापदांचं एक जुनं पुस्तक आहे, लिस्बनच्या धाटणीचं, पण तक्त्यांपुरतं चालेल. बी-टूचा निकाल दाखवल्याशिवाय ते मिळणार नाही. आईला नमस्कार सांग.

तुझ्या,
स्पॅनिशच्या बाई