ग्लायकोप्रोटीन की हीट शॉक प्रोटीन: पुण्यात पीएचडीसाठी कोणता विषय घ्यावा?

दोहोंपैकी एकच निवडायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाहीये. ग्लायकोप्रोटीन म्हणजे साखरेच्या साखळ्या चढलेली प्रथिनं, आणि हीट शॉक प्रोटीन म्हणजे उष्णतेसारख्या ताणात पेशीत वाढणारी, इतर प्रथिनांची घडी सांभाळणारी प्रथिनं. ट्युनिकामायसिन हे प्रतिजैविक देऊन प्रथिनांवर एन-साखळ्या (नायट्रोजनमार्फत जोडलेल्या साखरेच्या साखळ्या) चढणं थांबवलं, की त्यांची घडी बिघडते आणि पेशीत जीआरपी७८ हे प्रथिन वाढतं. हे एचएसपी७० या हीट शॉक प्रोटीनच्याच कुटुंबातलं! म्हणजे दोन्ही विषय एकाच प्रयोगात भेटतात.

हीट शॉकची सुरुवात सोपी. ३७ अंशांवर वाढलेल्या पेशी तासभर ४२ वर ठेवा, परत ३७ वर आणा. काही तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने एखादं प्रथिन ओळखायची चाचणी) एचएसपी७० चा पट्टा ठळक दिसतो. ग्लायकोप्रोटीनला चिकाटी लागते. जेलवर (यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) पट्टा पसरट, धूसर येतो, कारण एकाच प्रथिनाच्या रेणूंवर साखळ्या कमी-जास्त असतात. पीएनगेज-एफ (PNGase F) या विकराने एन-साखळ्या कापल्या की तोच पट्टा खाली सरकतो, रेखीव होतो. मला हे काम जास्त भावतं.

गाइड मात्र विषयाइतकाच पारखून घ्या. एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे, पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). तिथल्या पीएचडीच्या मुलांशी प्रत्यक्ष बोला, आणि नेट-जेआरएफ या संशोधन-पाठ्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास आत्तापासूनच लावून धरा.