गेलं तर परत येईल का?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे चार प्रश्न मिळाले. मित्राच्या सांगण्यावरून शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये पैसे घालू का, बाबांचे 18 लाख एकाच सहकारी बँकेत आहेत ते तिथेच राहू देऊ का, आताची नोकरी सोडून दहा जणांच्या नव्या कंपनीत जाऊ का, आणि स्टेशनपर्यंत स्कूटर घेतली तर आई म्हणते तेवढा धोका आहे का. प्रत्येकापुढे तू "किती टक्के रिस्क?" असं लिहिलं आहेस. रोज कल्याणहून घाटकोपरपर्यंत ज्या लोकलने जातेस, तिचं नाव मात्र यादीत कुठेच नाही.

म्हणून सुरुवात लोकलपासूनच करतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेली. सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा, त्याखालोखाल गाडीतून पडणाऱ्यांचा. रोजच्या लाखो प्रवाशांशी तुलना केली तर हा आकडा किरकोळ वाटतो, पण इथे सरासरी फसवी आहे. डब्यात आत उभ्या असलेल्या बाईचा धोका आणि दारातल्या दांड्याला लटकणाऱ्या पोराचा धोका यांची बेरीज करून भागाकार केला, तर येणारं उत्तर दोघांपैकी कुणाचंच नसतं.

त्यात फेऱ्यांचा गुणाकार असतो. दिवसाला दोन, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 600 फेऱ्या. तीस वर्षांत 18,000. केवळ हिशेबासाठी धर, की एका फेरीत जीव जाण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. तीस वर्षांत ती दोन टक्क्यांच्याही खाली राहते. तीच एका फेरीला दहा हजारांत एक धरली, तर तीस वर्षांत 83 टक्के होते. एका दिवसापुरत्या या दोन्ही शक्यता "काही होत नाही गं" अशाच दिसतात. रोज जे करतेस त्याला एका दिवसाच्या मापाने मोजू नकोस.

करायचं काय, तर पूल चढायचा. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते, आणि रूळ ओलांडणारा बहुतेकदा समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत असतो. तिच्या आडून दुसऱ्या रुळावर येणारी त्याला दिसतच नाही. दारात उभं राहावंच लागलं तर सॅक पोटाशी घे. पाठीवरची सॅक एक फूट बाहेर असते आणि तुला ते जाणवत नाही. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि त्यातले काही दगावले. शेजारचा रूळ ज्या बाजूला असेल, त्या बाजूच्या दारापासून आत सरक. गाडी सोडून पुढची घेण्याची किंमत बहुतेकदा दहा मिनिटं असते.

आता "किती टक्के" याबद्दल. शक्यतेच्या आधी एक प्रश्न विचार: हे घडलंच, तर मी परत उभी राहू शकेन का, आणि किती महिन्यांत? रुपयांचं उत्तर महिन्यांत मांडलं की चित्र स्वच्छ होतं. तुझे खर्च जाऊन महिन्याला 12 हजार शिल्लक पडतात असं धरू. दोन लाख गेले तर ते भरून यायला सोळा-सतरा महिने लागतील.

दोन लाख हा आकडा उगाच घेतलेला नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. व्यवहाराचा खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. तुझा मित्र उरलेल्या सात टक्क्यांत असेलही. पण तो तुला कुठल्या महिन्याचे स्क्रीनशॉट पाठवतो, ते बघ.

यात बिघडतं कुठे? ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क; त्यासाठी मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम, आणि त्या हक्काची मुदत संपते ती एक्स्पायरी. ऑप्शन विकत घेणाऱ्याला भाव कुठल्या दिशेने जाईल हे बरोबर ओळखून पुरत नाही. एक्स्पायरीच्या आत आणि पुरेसं जावं लागतं. रोज थोडा थोडा प्रीमियम विरघळत असतो. ऑप्शन विकणाऱ्याचं उलट: महिनोन्महिने छोटी कमाई होते आणि एका सकाळी बाजार खाली उघडला की ती सगळी जाऊन वर मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) भरायची वेळ येते. "दर आठवड्याला दोन टक्के सुटतात" असं सांगणारे बहुतेक या दुसऱ्या जातीतले. शिवाय पडल्यावर चढाव उभा असतो. 20 टक्के गेले तर मूळ पदावर यायला 25 टक्के कमवावे लागतात, 50 गेले तर 100, आणि 80 गेले तर 400. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. तरीही हात खाजत असेल तर दोन महिन्यांच्या शिलकीहून जास्त रक्कम नको, फक्त ऑप्शन विकत घेणं, विकणं नाही, आणि पर्सनल लोनचा एक रुपयाही नको. ते संपले की खातं बंद.

बाबांचा प्रश्न मला तुझ्या चारही प्रश्नांत सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तू त्याला तिसरी ओळसुद्धा दिलेली नाहीस. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेवविमा महामंडळाचं विमासंरक्षण असतं ते 5 लाखांपर्यंत. फेब्रुवारी 2020 आधी ते 1 लाखच होतं. हे 5 लाख मुद्दल आणि व्याज मिळून, एका ठेवीदाराला, एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. ठाण्याच्या शाखेत पाच आणि डोंबिवलीच्या शाखेत पाच ठेवले म्हणून दहाचं संरक्षण मिळत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हे संरक्षण लागूच नाही; बोर्डावर नाव कितीही बँकेसारखं वाटो.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा पहिल्या दिवशी खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी 2022 मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांची 5 लाखांवरची रक्कम अनेक वर्षांच्या हप्त्यांत लांबली आणि शेवटचा हिस्सा दहा वर्षांनी मिळायचा ठरला. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे. पाच लाखांसाठी, लक्षात ठेव.

आता हिशेब कर. बाबांना तिथे एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणतेस. 18 लाखांवर ते वर्षाला 18 हजार झाले. त्यासाठी 13 लाख विम्याबाहेर उघडे आहेत. ते गेले तर त्या जादा व्याजाने भरून यायला 72 वर्षं लागतील. बँक बुडण्याची शक्यता कमी आहे हे मलाही मान्य, पण बाबा निवृत्त आहेत, त्यांच्याकडे परत उभं राहायला महिनेच नाहीत. त्याच बँकेत 4 लाख राहू देत. 7 टक्क्यांनी तीन वर्षं व्याज साठलं तरी ते 4 लाख 92 हजारांच्या आसपास होतात, मर्यादेत बसतात. बाकीचे इतर बँकांत तसेच विभागायचे. बाबांचं एकट्याचं खातं आणि आईबरोबरचं संयुक्त खातं विम्यासाठी वेगळी धरली जातात, त्यामुळे बँकांची संख्या फार वाढवावी लागणार नाही. प्रत्येक पावतीवर नॉमिनी नोंदवलेला आहे ना, ते त्याच फेरीत बघून घे.

नोकरीबाबत आई घाबरते आहे, आणि मी मात्र जा म्हणेन. तू 24 वर्षांची आहेस, डोक्यावर गृहकर्ज नाही, कंपनी वर्षात बंद पडली तरी तुझं काम शिकून झालेलं असेल. मात्र आधी दोन आकडे माग. कंपनीच्या बँकेत आज किती रक्कम आहे आणि महिन्याला किती खर्च होते. भागाकार केलास की किती महिन्यांचा श्वास उरलाय ते कळतं. बारापेक्षा कमी असेल तर पगार वाढवून माग किंवा थांब. शेअर देऊ म्हणतात त्याची किंमत हिशेबात शून्य धर. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलंस तर बहुतेक ठिकाणी त्यातलं काहीच हाती येत नाही. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा नको.

यात आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी कोसळतील. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पण गिरणगावात पगारावर खानावळवाली अवलंबून, वाण्याची उधारी अवलंबून, गावची मनीऑर्डर अवलंबून, आणि अडचणीत हात द्यायला येणारा शेजारीही त्याच गिरणीत. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, अशी गत झाली. तुझ्या बाबतीत पगार, शेअर आणि आरोग्यविमा या तिन्ही गोष्टी त्या एकाच दहा जणांच्या कंपनीवर टांगलेल्या असतील.

त्यातला विमा लगेच सोडवता येतो. कंपनीचा ग्रुप विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घे, कारण अपघात सोडला तर पहिले 30 दिवस दावा चालत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. थायरॉइडची गोळी चालू आहे हे अर्जात लिही. लपवलंस तर दावा नाकारायला आयतं कारण मिळेल. सगळ्यात जास्त लोक फसतात ते खोलीभाड्याच्या कलमात. 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीला दिवसाला 1 टक्का, म्हणजे 5 हजारांची मर्यादा असेल आणि तू 10 हजारांची खोली घेतलीस, तर फक्त खोलीचे जादा पाच हजार कापले जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो. असे खर्च तीन लाख झाले तर दीड तुझ्या खिशातून. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, एवढाच दिलासा. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, तरी तीच घे.

दोन संकटं एकत्र येण्याचं उदाहरण तर दर पावसाळ्यात समोर असतं. नुसता जोराचा पाऊस मुंबई बऱ्यापैकी पचवते, नुसती भरतीही. साडेचार मीटरच्या आसपासची भरती आणि तेव्हाच मुसळधार, असं जुळलं की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हेच झालं. महापालिका मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेव. त्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं तर ऑफिसातच झोप. उघडं मॅनहोल गढूळ पाण्याखाली दिसत नाही.

राहिली स्कूटर. आईचं अर्धं खरं आहे. धोका आहे, पण त्यातला बराचसा तुझ्या हातात आहे. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 70 टक्क्यांनी घटतो; अट एवढीच की आयएसआय मार्क असावा आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट धडकेत तुझ्याआधी उडून जातं. वेग 40 वरून 60 वर नेलास तर धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. 60 वर दोन सेकंद फोनकडे पाहिलंस तर 33 मीटर न बघता गेलीस. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी असतात, त्यावर ब्रेक नको. डंपरच्या डाव्या बाजूने कधीच पुढे घुसू नकोस, ड्रायव्हरला तिथलं जवळजवळ काही दिसत नाही. सक्तीचा थर्ड पार्टी विमा समोरच्याचं नुकसान भरतो, तुझ्या गाडीचं नाही. स्टेशन दोन किलोमीटरच असेल तर शेअर रिक्षाचं भाडं आणि स्कूटरचा हप्ता एकदा शेजारी शेजारी लिहून बघ, कदाचित प्रश्नच उरणार नाही.

क्रम असा ठेव: आधी बाबांच्या ठेवी, मग तुझा विमा, मग राजीनामा. नवी कंपनी डगमगली आणि त्याच महिन्यात बाबांच्या बँकेवर निर्बंध आले, तर घरात कुणाकडेच आधार उरणार नाही. एफडीची मुदत कधी संपते ते या रविवारी पावतीवर बघ. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर ती आधी लेखी रद्द करून घ्यायला सांग, नाहीतर तारीख उलटून गेल्यावर मोडायला व्याज कापतील.

आईबाबांना नमस्कार.