शाही नगरांची छोटी चांदीची नाणी: सुरुवात करणाऱ्यांसाठी

पवित्र रोमन साम्राज्यातील (मुख्यतः जर्मन प्रदेशांतील जुन्या साम्राज्यातील) स्वतंत्र शाही नगरांची, म्हणजे थेट सम्राटाच्या अधिपत्याखालील शहरांची, नाणी जमवायची असतील, तर थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याकडे न वळता एखादे नगर निवडून त्याच्या फेनिग, क्रॉयत्सर आणि बाट्सेन या छोट्या नाण्यांपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. आधी नगराची खूण शोधावी: आउग्सबुर्गचे पाइनचे फळ, रेगेन्सबुर्गच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन चाव्या, हाम्बुर्गचा तीन बुरुजांचा किल्ला. दुसऱ्या बाजूस द्विमुखी गरुड असल्यास त्याच्याभोवती बहुधा सम्राटाचे नाव संक्षेपाने असते; वर्ष झिजलेले असले, तरी रूडॉल्फ दुसरा (१५७६–१६१२) की माटियास (१६१२–१६१९) एवढे कळले, की काळ पुष्कळसा निश्चित होतो. गरुडाच्या छातीवरील शाही गोलातील (वर क्रूस असलेल्या, सत्तेचे चिन्ह असलेल्या गोळ्यातील) आकडा बहुधा मूल्य दाखवतो. २४ म्हणजे थालरचा चोविसावा भाग.

१६१९ ते १६२३ या ‘किपर आणि विपर’ काळातील नाण्यांबाबत विशेष सावध राहावे. तेव्हा अनेक टांकसाळींनी चांदी कमी करून तांबे वाढवले, त्यामुळे वरचा पातळ रुपेरी थर झिजून लालसर दिसणारे नाणे केवळ रंगावरून बनावट ठरवू नये, आणि ते पॉलिशने घासून उरलासुरला थर तर मुळीच घालवू नये. वाटीसारखा किंचित खोलगट, एकाच बाजूला ठसा असलेला पातळ फेनिगही सदोष समजू नये. तो तसाच पाडला जात असे. असे नाणे कडांनीच उचलावे, कारण ते सहज वाकते.